बांधावरची सायकल: झ्विनच्या खाजणातून आणि पोल्डरमधून गाड्यांविना ग्रॅव्हल सायकलिंग

पोल्डरमध्ये, म्हणजे समुद्राला बांध घालून मिळवलेल्या जमिनीत, चढ नसतो. चढाची कसर वारा भरून काढतो, आणि वाऱ्यातून काही उरलंच तर ते चिखल वसूल करतो. नेदरलँड्सच्या नैऋत्य टोकाला आणि बेल्जियमच्या ईशान्य किनाऱ्याला, म्हणजे ब्रेस्कन्स, काडझांड, स्लाउस, दाम्मे आणि ब्रुज ही गावं आणि झ्विन नावाचं खाजण यांच्या पट्ट्यात ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडी-मातीच्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल, घेऊन जायचं असेल, तर तीन गोष्टींवर बेत आखावा लागतो: वारा कुठून आहे, पायाखालची माती कसली आहे आणि त्या वाटेवर जायची परवानगी आहे का. उंचीचा आलेख इथे बघण्यात अर्थ नाही.

आम्सटरडॅम, आइंडहोव्हन, अँटवर्प, ब्रसेल्स या भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना हा प्रदेश एका दिवसात आवाक्यात येतो. युरोपच्या सहलीवर आलेल्यांनी ब्रुजमध्ये एक मुक्काम जास्त ठेवला, तरी जमतो. आणि कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला इथलं बरंचसं ओळखीचं वाटेल. भरतीचं पाणी अडवायला घातलेला मातीचा बांध, आतली गोडी शेती, पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडणारी आणि भरतीला आपोआप मिटणारी उघाडी. रायगड-रत्नागिरीत आपण याला खारभूमी म्हणतो, गोव्यात खाजन म्हणतात आणि तिथली उघाडी म्हणजे मानस. पोल्डर म्हणजे तीच गोष्ट, फक्त आकारानं मोठी, आणि जिथे ओहोटीवर भागत नाही तिथे पंपांची जोड दिलेली.

आधी बांध वाचायला शिका

गाड्या नसलेली वाट नशिबानं सापडत नाही. ती कुठे असेल हे बांधांच्या रचनेवरून आधीच सांगता येतं, म्हणून इथे थोडं थांबू.

समुद्राकडून जमीन एका दमात मिळवलेली नाही. खाडीत गाळ साचत गेला, त्यावर खारं गवत उगवलं, जमीन पुरेशी वर आली की तिच्याभोवती बांध घातला. मग त्या बांधाच्या बाहेर पुन्हा गाळ साचला आणि पुन्हा नवा बांध आला. त्यामुळे किनाऱ्यापासून आत जाताना एकामागून एक बांधांच्या ओळी लागतात. डच लोकांनी त्यांना सुंदर नावं दिली आहेत. समुद्राला थेट तोंड देणारा तो वाकर, म्हणजे जागता. त्याच्या मागचा स्लापर, निजलेला. आणि त्याच्याही मागचा ड्रोमर, स्वप्नात असलेला. जागता फुटला तर निजलेल्यानं उठायचं, असा हा पहारा.

सायकलस्वारासाठी या तिन्हींचा अर्थ वेगळा आहे.

जागत्या बांधाच्या पायथ्याशी किंवा माथ्यावर देखभालीचा रस्ता असतो, बहुतेक ठिकाणी डांबरी किंवा काँक्रीटचा. 1953 च्या जानेवारीअखेरच्या महापुरात नेदरलँड्समध्ये 1,836 माणसं गेली. त्यानंतर हे समुद्रबांध उंच आणि रुंद केले गेले, त्यामुळे त्यांवरचा रस्ताही प्रशस्त आहे. दृश्य उत्तम, पृष्ठभाग कडक, पण वाऱ्यापासून तिळमात्र आडोसा नाही.

निजलेला बांध ही खरी ग्रॅव्हलची जागा. तो आता पाणी अडवत नाही, म्हणून त्यावर फारसा खर्च केलेला नसतो. माथ्यावर खडीची, मातीची किंवा गवतातली वाट आणि बऱ्याचदा दोन्ही बाजूंना पॉप्लरची झाडं. वाऱ्याच्या दिवशी समुद्रबांध सोडून इकडे आलात तर ताशी चार-पाच किलोमीटरचा फरक सहज पडतो.

स्वप्नातल्या बांधावर मात्र बहुतेक वेळा गावाचा गाडीरस्ता बसवलेला असतो. नकाशावर वळणावळणाचा, उंचावरचा, घरं चिकटलेली असा रस्ता दिसला की तो जुना बांध समजा. तिथे गाड्या असतात, वाट टाळा.

एक छोटी पारख सांगतो. आतल्या एखाद्या बांधावर उभं राहून दोन्हीकडची शेतं बघा. समुद्राकडचं शेत आतल्या शेतापेक्षा थोडं उंच दिसेल. कारण ते नंतर अडवलं, तोवर त्यावर भरतीनं आणखी गाळ आणून टाकला होता, आणि आतली जमीन त्याआधीपासून निचरा होऊन खचत होती. दिशा चुकली आणि फोन बंद पडला, तरी समुद्र कुठल्या बाजूला आहे हे शेतंच सांगतात.

वाट आखताना

दोन्ही देशांत सायकलवाटांचं क्रमांकित जाळं आहे. दोन वाटा मिळतात तिथे एक क्रमांक, आणि तिथून पुढच्या क्रमांकांकडे बाण. ही कल्पना 1995 मध्ये बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात आली. मांडणारे ह्युगो बोलन हे खाण अभियंता होते आणि खाणीतल्या बोगद्यांच्या चौकांना दिलेल्या क्रमांकांवरून त्यांना ती सुचली. नेदरलँड्समध्ये पाट्या पांढऱ्यावर हिरव्या, बेल्जियमच्या फ्लेमिश भागात निळ्यावर पांढऱ्या. सीमा ओलांडली की रंग बदलतो, क्रमांकांची साखळी चालूच राहते.

पण हे जाळं साध्या सायकलींसाठी आखलेलं आहे. त्यातला बराचसा भाग डांबरी किंवा काँक्रीटचा आहे आणि काही तुकडे गाडीरस्त्यावरून जातात. म्हणून आखणी अशी करा:

1. क्रमांकांच्या जाळ्यावरून मुख्य साखळी ठरवा. हा तुमचा कणा. काहीही बिघडलं तर याच वाटेवर परत यायचं.

2. तीच वाट ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेल्या एखाद्या अ‍ॅपमध्ये काढा आणि पृष्ठभागाचा थर चालू करा. 'कॉम्पॅक्टेड' आणि 'फाइन ग्रॅव्हल' अशी नोंद असलेले तुकडे शोधा. 'ग्राउंड', 'अर्थ' किंवा 'ग्रास' लिहिलेलं असेल तर ते फक्त कोरड्या हवेसाठी.

3. उपग्रहचित्रात प्रत्येक तुकडा डोळ्यांनी तपासा. पांढरट, एकसारखी रेघ म्हणजे चुनखडीची किंवा डोलोमाइटची बारीक खडी. दोन समांतर रेघा आणि मध्ये हिरवा पट्टा म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकांसाठी घातलेल्या काँक्रीटच्या पट्ट्या. तपकिरी रेघ म्हणजे माती, आणि इथली माती म्हणजे समुद्री चिकणमाती.

4. पाण्यावरचा प्रत्येक ओलांडा खात्री करून घ्या. पोल्डरमध्ये शंभर मीटरवर दिसणाऱ्या वाटेला जायला चार किलोमीटरचा वळसा पडू शकतो, कारण मधल्या नाल्यावर पूल एकच असतो.

5. क्रमांकांची साखळी कागदाच्या पट्टीवर लिहून हँडलच्या मधल्या नळीवर चिकटवा. वर पारदर्शक चिकटपट्टी. नेदरलँड्समध्ये 1 जुलै 2019 पासून सायकल चालवताना फोन हातात धरायला बंदी आहे, आणि ओल्या हातमोज्यांनी पडदा चालत नाही तो भाग वेगळाच.

वारा आधी, दिशा नंतर

इथला नेहमीचा वारा नैऋत्येचा. ब्रेस्कन्सहून ब्रुजला जाणारी वाटही नैऋत्येकडेच जाते, म्हणजे सरळ तोंडावर. त्यामुळे नैऋत्येचा वारा असेल त्या दिवशी ब्रुजहून निघून ब्रेस्कन्सला संपवा. पूर्वेचा किंवा ईशान्येचा वारा असेल, बहुधा उन्हाळ्यातल्या स्थिर हवेत किंवा हिवाळ्यातल्या कोरड्या थंडीत, तेव्हा ब्रेस्कन्सहून निघा. हा निर्णय आदल्या संध्याकाळी हवामानाचा अंदाज बघून घ्या, तिकिटं त्यानंतर काढा.

अंदाजात वारा बोफर्टमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या मोजपट्टीवर, देतात. 4 म्हणजे ताशी 20 ते 28 किलोमीटर, ही या किनाऱ्यावरची रोजची हवा. 5 म्हणजे 29 ते 38, यात तोंडावरच्या वाऱ्याला ताशी 14-15 किलोमीटरचा वेग धरून चाला. 6 ला समुद्रबांध सोडून झाडांच्या कालव्यांवरच राहा. 7 आणि पुढे, म्हणजे ताशी 50 च्या वर, घरी थांबा. तोंडावरच्या वाऱ्यापेक्षा घातक आडवा वारा. झाडांच्या रांगेतून बाहेर पडताना किंवा दोन शेतघरांमधल्या मोकळ्या जागेत तो एकदम ढकलतो, आणि बाजूला दीड मीटर खोल पाण्याचा नाला असतो. अशा ठिकाणी हँडलची खालची पकड घ्या, कोपर सैल ठेवा आणि वाटेच्या वाऱ्याकडच्या अर्ध्या भागात चालवा, म्हणजे ढकललं तरी जागा उरते.

परिवारासोबत असाल तर एकूण अंतराचा अवघड भाग सकाळी ठेवा. दुपारनंतर वारा सहसा वाढतो.

सायकल, टायर आणि हवेचा दाब

38 ते 45 मिलिमीटर रुंदीचा टायर या प्रदेशाला पुरतो. मध्ये गुळगुळीत आणि कडांना बारीक गाठी असलेली नक्षी घ्या. खोल गाठींचा टायर इथे दुहेरी तोटा करतो: काँक्रीटवर जड जातो आणि चिकणमाती गाठींमध्ये घट्ट बसते.

40 मिलिमीटरच्या ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरला 70 किलोच्या माणसासाठी पुढे 2.2 आणि मागे 2.4 बार, म्हणजे साधारण 32 आणि 35 पीएसआय. 85-90 किलोला पुढे 2.6, मागे 2.8. ट्यूब असेल तर प्रत्येकी 0.4 बार वाढवा, नाहीतर काँक्रीटच्या फरशांच्या सांध्यांवर ट्यूब रिममध्ये चिरडून दोन समांतर छेद पडतात. फरशांचे हे रस्ते इथे मैलोन्मैल आहेत आणि जुन्या फरशांमध्ये बोटभर उंचीचा फरक सहज असतो.

सीलंट, म्हणजे छिद्र आपोआप बुजवणारा द्रव, प्रत्येक टायरमध्ये 60 ते 80 मिलिलिटर, आणि तीन-चार महिन्यांनी हलवून बघा. आवाज आला नाही तर सुकलं आहे. याचं महत्त्व हॉथॉर्नच्या कुंपणांमुळे. दाम्मेच्या आसपास शेतांच्या कडेला ही काटेरी झुडपं आहेत आणि हिवाळ्यात ती यंत्रानं छाटतात. छाटलेले काटे वाटेवर पडतात, दोन सेंटिमीटरचे, बाभळीच्या काट्याइतकेच टणक. फेब्रुवारी-मार्चमध्ये एका फेरीत दोन-तीन पंक्चर होणं नवल नाही. काटा टायरमध्ये दिसला तर लगेच उपटू नका. चाक फिरवून काटा खालच्या बाजूला आणा, म्हणजे सीलंट तिथे जमेल, मग काढा आणि अर्धा मिनिट तसंच धरा. फुसफुस थांबली नाही तर छिद्रात रबराचा प्लग घाला.

गिअरबद्दल एकच सांगणं: सपाट प्रदेश म्हणून मोठा पुढचा दातेचक्र लावून येऊ नका. पुढे 40 दात, मागे 11 ते 42 ही जोडी बरोबर आहे. वाऱ्यात आणि ओल्या गवतात तुम्ही घाटातले गिअर वापरणार आहात.

मडगार्ड लावायचे की नाही, यावर मत स्पष्ट आहे. उन्हाळ्यात काढून टाका. पावसात लावलेत तर टायर आणि मडगार्डमध्ये किमान 10 मिलिमीटर मोकळीक हवी.

ब्रेस्कन्स ते ब्रुज, टप्प्याटप्प्यानं

नेदरलँड्समधून येणाऱ्यांनी रेल्वेनं फ्लिसिंगनला उतरावं. स्टेशनला लागूनच फेरीबोटीचा धक्का आहे. 2003 मध्ये वेस्टरस्खेल्डे या खाडीखालून बोगदा झाल्यावर गाड्या तिकडे गेल्या, आणि बोगद्यात सायकलला बंदी असल्यानं ही बोट पादचारी आणि सायकलवाल्यांसाठी उरली. वीसेक मिनिटांत ब्रेस्कन्स. रेल्वेत सायकलचं वेगळं तिकीट लागतं आणि कामाच्या दिवशी सकाळी 6:30 ते 9 आणि दुपारी 4 ते 6:30 या वेळात उघडी सायकल नेता येत नाही. शनिवार-रविवारी आणि जुलै-ऑगस्टमध्ये ही अडचण नाही. घडीची सायकल घडी घालून केव्हाही आणि फुकट.

ब्रेस्कन्सहून पश्चिमेला समुद्रबांधानं निघा. किनाऱ्याच्या लांब पल्ल्याच्या सायकलवाटेच्या पाट्या इथून काडझांडपर्यंत सोबत करतात. पहिली खूण काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बिडाचा दीपस्तंभ, 1867 चा. त्यानंतर डावीकडे, बांधाच्या आत, वॉटरड्युनन. इथे बांधात दार ठेवून समुद्राचं पाणी मोजून-मापून आत घेतात, म्हणजे बांधाच्या आतच भरती-ओहोटी चालते. आपल्याकडे उघाडी नादुरुस्त झाली की शेतात खारं पाणी शिरतं आणि पीक जातं. इथे तेच मुद्दाम, दारावर नियंत्रण ठेवून केलं आहे, पक्ष्यांसाठी. बेटांवर कुररी आणि उचाट्या घरटी करतात.

बांधाच्या समुद्राकडच्या पायथ्याला जाणारा रस्ता जिथे खुला आहे तिथे मोह होतो, पण भरती आणि वारा बघून उतरा. ओल्या डांबरावर शेवाळाचा हिरवा थर असेल तर तो बर्फासारखा निसरडा असतो. उतरताना वळून नाही, सरळ रेषेत, ब्रेक खालपर्यंत न दाबता जा. वादळाच्या लाटांनंतर तिथे दगड, दोर आणि लाकडं पडलेली असतात.

न्यूव्लीटच्या किनाऱ्यावरून पुढे काडझांड-बाद, ब्रेस्कन्सपासून साधारण 14 किलोमीटरवर. पाण्याच्या बाटल्या इथे भरा, पुढे झ्विनच्या कडेनं पाणी नाही. नळाचं पाणी दोन्ही देशांत प्यायला चांगलं आहे.

आता झ्विन. एके काळी हा समुद्राचा रुंद फाटा होता. 1134 च्या वादळानं तो रुंदावला आणि ब्रुजला जगाशी जोडणारा जलमार्ग झाला. स्लाउस आणि दाम्मे ही त्याच्या काठावरची बंदरं. मग फाटा गाळानं भरत गेला आणि ब्रुजचा व्यापार सुकला. आज उरली आहे ती मुखाजवळची खारी दलदल, 1952 पासून राखीव. 2019 मध्ये जुना बांध फोडून आणि आत नवा बांध घालून ती सुमारे 120 हेक्टरनं वाढवली. म्हणून जुन्या छापील नकाशांवर विसंबू नका: त्यांतली बांधाची रेघ जिथे दाखवली आहे तिथे आता पाणी आहे.

झ्विनच्या मुखातून पलीकडे जाऊ नका. ओहोटीला पाणी घोट्याएवढं दिसतं आणि काही जण चालत जातात, पण इथे भरती-ओहोटीतला फरक सुमारे 4 मीटर आहे, सायकलला राखीव क्षेत्रात बंदी आहे आणि चिखलात खारं पाणी लागलेली सायकल आठवड्याभरात गंजते. वळसा घालून नव्या बांधानं दक्षिणेकडे या, चारेक किलोमीटर. डावीकडे गव्हाची नाहीतर बटाट्याची शेतं, उजवीकडे दलदल. ही संपूर्ण वाटेतली सर्वांत सुंदर पट्टी आहे, घाई करू नका.

बांधाच्या माथ्यावर थांबून दलदलीकडे बघितलंत तर दोन थर दिसतील. खालचा राखाडी, उघडा, चकाकणारा चिखल: रोज दोनदा पाण्याखाली जाणारा. वरचा हिरवा, फक्त अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला बुडणारा. या वरच्या थरावर जुलै-ऑगस्टमध्ये समुद्री लॅव्हेंडर फुलतं आणि सगळं मैदान जांभळट होतं. सप्टेंबरच्या शेवटी खालच्या कडेची मांसल खारट रोपं लाल पडतात. ओहोटीला जवळून बघा: नाळीच्या कडेला चिखलाचा थर सुरीनं कापल्यासारखा उभा असतो आणि त्यात एकावर एक पातळ पापुद्रे दिसतात, प्रत्येक भरतीनं आणून ठेवलेले.

सीमेचा बिडाचा खांब क्रमांक 369 याच भागात आहे. बेल्जियम-नेदरलँड्स सीमेवरच्या क्रमांकांची मालिका वाल्सच्या टेकडीवर 1 पासून सुरू होते आणि इथे संपते.

बेल्जियमच्या रेल्वेनं येणाऱ्यांना क्नोक्के स्टेशनहून थेट या टप्प्यात सामील होता येतं, ब्रेस्कन्सचा भाग वगळून.

रेत्रांशमां हे मातीच्या तटबंदीतलं चिमुकलं गाव. तिथून स्लाउस पाच किलोमीटर. सरळ रस्ता सोडून सिंट आना टेर माउडनवरून या, अंतर जवळपास तेवढंच आणि गाड्या कमी. स्लाउसमध्ये रविवारी दुकानं उघडी असतात आणि बाजारात गर्दी असते, तेव्हा गावात शिरण्याऐवजी तटबंदीच्या कडेनं जा. खायला बोलस घ्या: दालचिनी आणि काळपट साखरेत घोळवलेला चिकट पाव, झेलंड प्रांताचा. एक खाल्ला की तासाभराची बेगमी होते. हात धुवायला पाणी ठेवा.

स्लाउसहून दाम्मेचा कालवा सुरू होतो. नेपोलियनच्या हुकमावरून खणायला घेतलेला हा 15 किलोमीटरचा सरळ कालवा, दोन्ही काठांना वाऱ्यानं एका बाजूला कललेले पॉप्लर. पॉप्लर ज्या बाजूला झुकलेत ती ईशान्य, होकायंत्र लागत नाही. एखाद्या काठावर गाड्यांना परवानगी असेल तर पुलावरून दुसऱ्या काठाला जा. दाम्मेच्या अलीकडे दोन जुळे कालवे याला छेदून जातात, लेओपोल्ड आणि स्खिपडोंक. स्थानिक नावं ब्लिंकर आणि स्टिंकर, चकाकणारा आणि घाणेरडा, कारण दुसऱ्यातून पूर्वी अंबाडीसारख्या फ्लॅक्सच्या कुजवणीचं पाणी वाहायचं. दाम्मेचा कालवा या दोघांखालून भुयारी मार्गानं जात असे. तो 1940 मध्ये फ्रेंच सैन्यानं उडवला, म्हणून कालवा इथे तुटलेला दिसतो.

पाय शाबूत असतील तर इथून जुळ्या कालव्यांच्या बांधानं वायव्येला, किनाऱ्याच्या दिशेनं पाच-सहा किलोमीटर जाऊन परत या. पृष्ठभाग तुकड्यातुकड्यानं बदलतो: खडी, माती, काँक्रीट, गवत. ग्रॅव्हल सायकलचं समाधान इथे मिळतं.

दाम्मेहून ब्रुजचा वेशीदरवाजा सहाएक किलोमीटर. स्टेशन शहराच्या पलीकडच्या टोकाला आहे. मध्यवस्तीतल्या दगडी गल्ल्यांतून न घुसता पूर्वेच्या जुन्या तटाच्या बागेतून, पवनचक्क्यांखालून, वळसा घ्या. एकूण 45 ते 50 किलोमीटर. थांबे धरून साडेपाच तास हाताशी ठेवा.

चिकणमाती

सप्टेंबर ते डिसेंबर हा बटाटे आणि साखरेच्या बिटाच्या काढणीचा काळ. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली माती पक्क्या वाटेवर येते. कोरडी असेल तर ढेकळं, ओली असेल तर साबण.

ही माती आपल्या काळ्या रानासारखीच वागते. पहिल्या वीस मीटरमध्ये टायरवर थर चढतो, पुढच्या वीसमध्ये तो मागच्या फोर्कच्या फटीत अडकतो, आणि मग गवत मिसळून विटेसारखा घट्ट होतो. चाक फिरायचं थांबतं. अशा वेळी जोर लावून पेडल मारलं की डिरेलर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग, मागे खेचला जातो आणि तो धरून ठेवणारा हँगर तुटतो. इथल्या फेरीत घरी चालत जाण्याची वेळ येते ती बहुतेक याच कारणानं.

म्हणून: समोर चकाकणारी तपकिरी पट्टी दिसली की तिच्यात शिरण्याआधी उतरा. सायकल मातीवरून नाही, कडेच्या गवतावरून ढकला. गवत चाक पुसतं. लांबी पन्नास मीटरपेक्षा जास्त असेल तर खांद्यावर घ्या. माती चढलीच तर सपाट लाकडी काटकी किंवा प्लॅस्टिकचा टायर लिव्हर घेऊन आधी फोर्कची फट, मग ब्रेकचा भाग, मग डिरेलरची लहान चाकं मोकळी करा. पाण्यानं धुवायला नाल्यात उतरू नका. काठ उभा आणि निसरडा असतो, आत गेलेला माणूस एकट्यानं वर येत नाही. आणि आपल्या सायकलच्या मापाचा जादा हँगर फ्रेमला चिकटपट्टीनं बांधून ठेवा. बदलायला पाच मिनिटं लागतात.

काँक्रीटच्या दोन पट्ट्यांच्या वाटेवर वेगळा धोका आहे. पट्टीची कड मधल्या गवतापेक्षा पाच ते आठ सेंटिमीटर वर असते. घसरून खाली उतरलात तर तिरकस वर चढायचा प्रयत्न करू नका, पुढचं चाक कडेला घासत जातं आणि माणूस आडवा होतो. थांबा, उचला, वर ठेवा.

पाट्या

निळ्या गोलात पांढरी सायकल: सायकलवाट. 'आउटखेझोंडर्ड फीट्सर्स': सायकलवाल्यांना सूट, म्हणजे वर बंदीची पाटी असली तरी तुम्ही जाऊ शकता. गाड्यांविना वाटा शोधताना सर्वांत कामाची पाटी हीच. 'डोडलोपेंडे वेख': पुढे रस्ता बंद, पण खाली सायकलचं चित्र असेल तर तुमच्यासाठी खुला. 'फीट्सर्स आफस्टापन': उतरून चाला. 'आयखन वेख': खासगी रस्ता. 'फरबोडन टूखांग' आणि खाली कलम 461: नेदरलँड्समध्ये हा प्रवेशबंदीचा कायदेशीर इशारा आहे, दंड होतो. वाट कितीही मोकळी दिसली तरी मागे फिरा.

खुणा नसलेल्या चौकात दोन्ही देशांत उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पोल्डरमधले चौक असेच असतात, आणि मक्याचं पीक उभं असताना उजवीकडचा ट्रॅक्टर दिसत नाही.

मेंढ्या आणि पक्षी

बांधांवर मेंढ्या मुद्दाम चरायला सोडतात. त्या गवत आखूड ठेवतात आणि खुरांनी माती दाबून बांध घट्ट करतात. कळप दिसला की वेग चालण्याइतका करा, घंटा वाजवू नका. कोकरू वाटेच्या एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला असेल तर थांबून कोकराला ओलांडू द्या, ते शेवटच्या क्षणी उडी मारतंच. फाटक जसं होतं तसं लावून पुढे जा. जमिनीत बसवलेल्या लोखंडी नळ्यांच्या जाळीवरून काटकोनात, ब्रेक न लावता, पेडल आडवे ठेवून जा.

मार्चच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत काही गवती वाटा घरट्यांसाठी बंद असतात. ही बंदी मनापासून पाळा: जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याला उठवलं की अंडी थंड पडतात किंवा कावळे नेतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दाम्मेच्या कुरणांवर स्वालबार्डहून आलेले गुलाबी पायांचे हंस चरतात. सायकल चालत राहिली तर ते मान वर करून बघतात आणि पुन्हा चरतात. थांबून उतरलात की उडतात. बघायचं असेल तर दूरवर, झाडाच्या आड थांबा.

उंच गवतातून गेलात तर संध्याकाळी गुडघ्यामागे, कमरेला आणि मोज्यांच्या कडेला गोचीड तपासा. चिमट्यानं त्वचेलगत धरून सरळ ओढा, तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी लाल वर्तुळ पसरलं तर डॉक्टरकडे जा. लाइम आजार इथे आहे.

परतल्यावर

समुद्रबांधावरून आलेल्या सायकलवर पाऊस लागला नसला तरी मीठ असतं. त्याच दिवशी साध्या नळाच्या पाण्यानं, कमी दाबानं धुवा. मोठ्या दाबाचा फवारा बेअरिंगमध्ये मीठ आणि खडीचा चुरा आत ढकलतो. क्रम असा: फ्रेम, ब्रेक, मग चेन. डोलोमाइटची पांढरी पेस्ट चेनवर सुकू दिली तर ती पॉलिश पेपरसारखी दातेचक्र खाते, म्हणून चेनवर कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, मग फडक्यानं पुसून पूर्ण सुकवा. तेल रात्री नाही, सकाळी: प्रत्येक कडीला एक थेंब, दहा मिनिटं थांबून बाहेरचं सगळं पुसून टाका. जोड्याच्या तळाच्या क्लीटचे (पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्टीचे) स्क्रू सोडवून थोडं ग्रीस लावा. नाहीतर महिन्यानं ते काढायला गेलात की खाऱ्या हवेनं घट्ट बसलेले असतात आणि षटकोनी खाच फिरून जाते.